मागच्या जिन्याचा सल्ला

बाईंना आपल्या एका युक्तीचा फार अभिमान होता. इंग्रजीतून सल्ला द्यायला शिकवायचं म्हणजे शुड, मस्ट आणि हॅड बेटर घोकून घ्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या वर्गात बिस्किटांचा एक रिकामा डबा होता. ज्याला जी खरी अडचण असेल ती त्यानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, नाव मात्र घालायचं नाही. बाई चिठ्ठी वाचून दाखवत, सगळा वर्ग इंग्रजीतून सल्ले देई, आणि त्यातले बिनचूक सल्ले बाई टपोऱ्या अक्षरात मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला चिकटवत. फुकटचा सल्ला द्यायला माणसं किती उतावीळ असतात, ते त्या भरलेल्या भिंतीकडे पाहून कळत होतं.

खोली लाँड्रीच्या वर होती आणि एकच होती. तीन ते चार बायकांचा वर्ग, सव्वाचारपासून पुरुषांचा. दोघांना एकच फळा, तीच बाकं आणि तीच भिंत.

महिन्यापूर्वी बायकांच्या डब्यातून एक चिठ्ठी निघाली. क्लासच्या दारासमोर एक माणूस रोज उभा असतो, मी काय करावं? त्या दिवशी वर्ग नुसता उसळला. रुग्णालयात काम करणारी आया म्हणाली, यू मस्ट टेल द पोलीस. कुणी म्हणालं, मागच्या जिन्यानं उतरावं. कुणी म्हणालं, दहा मिनिटं आधी निघावं, लाँड्रीच्या अंगणातून पलीकडच्या गल्लीत जावं. एकीचंही क्रियापद चुकलं नाही. बाई इतक्या खूश झाल्या की चिठ्ठी कुणाची हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. नाव विचारायचं नाही हा नियम त्यांचाच होता, आणि त्या दिवशी तो त्यांना फार सोयीचा वाटला.

पुढच्याच दिवसापासून काजवाली चारला दहा कमी असताना उठून मागच्या जिन्यानं निघू लागली. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती काजं-बटणं करायची, म्हणून वर्गानं तिचं नाव काजवाली ठेवलं होतं. ती उठली की बाई मान डोलवत. आपला धडा कुणीतरी अमलात आणतंय, याचंच त्यांना समाधान. पोलिसांकडे मात्र ती गेली नाही, आणि तसं तिला कुणी पुन्हा सांगितलंही नाही.

दोन आठवड्यांपूर्वी पुरुषांच्या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. इस्त्रीचा शर्ट, टोकदार पेन्सिल, बोलणं मऊ. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव टापटीप ठेवलं. तो वेळेआधी यायचा आणि भिंतीवरचे कागद वहीत उतरवून घ्यायचा. आपल्या टपोऱ्या अक्षराचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

"बाई, बॅक स्टेअर्स म्हणजे काय हो?" त्यानं एकदा विचारलं.

वस्तू डोळ्यांनी दाखवली की शब्द जन्मभर विसरत नाही, ही बाईंची दुसरी युक्ती. त्यांनी उत्साहानं कोपऱ्यातलं दार उघडलं आणि लोखंडी जिना, खालचं अंगण, वाळत घातलेल्या चादरी, सगळं दाखवलं. त्यानं नीट पाहून घेतलं, अंगणाच्या फाटकाला इंग्रजीत काय म्हणतात तेही विचारलं, आणि आभार मानले.

आज बायका निबंध लिहीत होत्या, म्हणून बाई पुरुषांच्या काल जमा केलेल्या वह्या तपासायला बसल्या. काजवाली नेहमीच्या वेळी उठली, "निघते बाई," म्हणाली. बाईंनी वहीतून डोकं न काढता मान डोलवली.

हातातली वही टापटीपची होती. अक्षर मोत्यासारखं. भिंतीवर चाळीसेक कागद होते आणि त्यानं उतरवला होता फक्त एक, मागच्या जिन्याचा. तोच चार वेळा. प्रत्येक वेळी खाली तारीख, आणि तारखेपुढे वेळ. तीन बावन्न. तीन एक्कावन्न. तीन बावन्न. चौथ्या तारखेपुढची जागा मोकळी होती, आणि तारीख आजची होती.

बाईंनी मान वर केली. घड्याळात तीन चौपन्न झाले होते. त्यांनी कोपऱ्यातलं दार उघडलं आणि इतक्या घाईनं उतरू लागल्या की एक चप्पल वरच राहिली. त्यांचा चेहरा पाहून आया उठली, आणि आयामागे सगळा वर्ग.

खाली चादरींच्या मागे काजवाली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या पिशवीचा पट्टा टापटीपच्या मुठीत होता. ती ओरडत नव्हती. सवय असलेलं माणूस उभं राहतं तशी ती उभी होती, आणि तेच पाहून बाईंना जास्त भीती वाटली.

"नवराबायकोचं बोलणं चाललंय, बाई," तो म्हणाला. "तुम्ही वर जा."

"पट्टा सोडा आधी," आया म्हणाली आणि आणखी दोन पायऱ्या उतरली. तिच्या मागे जिनाभर बायका उभ्या होत्या.

त्यानं बायका मोजल्या. अकरा. मग पट्टा सोडला, शर्टाची बाही सरळ केली.

"येतो बाई. तुमच्या वर्गाचा फार उपयोग झाला." फाटक त्यानं जाताना नीट लावून घेतलं.

काजवालीनं विचारलं, "त्याला हे कुणी सांगितलं?"

बाईंना गप्प राहता आलं असतं. पण लाजेनं त्यांचे कान तापले होते आणि खोटं सुचेना. "भिंतीवर लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि जिना मी दाखवला. मला वाटलं, शिकतोय."

काजवाली रागावली नाही. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं पिशवी छातीशी धरली.

"त्याला दुकान माहीत आहे. क्लासही माहीत होता, आता मागचा जिनाही माहीत झाला. मी राहते ती खोली तेवढी माहीत नाही," ती म्हणाली. "तो गल्लीच्या तोंडाशी थांबणार. मग आता मी घरी कुठून जाऊ, बाई?"

बाईंनी जिन्यावर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. एकही बोलली नाही.