चार दिवसांचा राग

मास्तरांना शिंपी म्हटलेलं खपत नसे. शिंपी माणसांना कपडे घालतो, आपण जागेला घालतो, असं ते सांगत. ट्रकांच्या ताडपत्र्या, होड्यांची आच्छादनं, सर्कशीचे तंबू, दुकानांपुढचे पडदे, हे सगळं त्यांनी बेचाळीस वर्षं एका अरुंद गल्लीतल्या दुकानात शिवलं. मशीन एकच, लांब हाताचं, चार माणसांनी उचलावं असं वजनदार. ते चालू झालं की शेजारच्या कुलूपवाल्याच्या भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या थरथरून वाजत. कुलूपवाल्याला ते आवडत नसे, म्हणून मास्तरांना आवडे.

या कुलूपवाल्याशी मास्तरांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. त्याने नवी पाटी लावली, त्यावर आपला फोन नंबर हातभर आकड्यांत रंगवला, आणि शेवटचा सात मास्तरांच्या भिंतीवर आला. मास्तर म्हणाले, तुझा सात काढ. तो म्हणाला, सात काढला तर फोन तिसऱ्याच माणसाला लागेल. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघून फक्त खाकरत.

तर अशा या मास्तरांची सत्तरी झाली, आणि मुलांनी त्यांना पाच दिवसांची सुट्टी भेट दिली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये तंबू. मुलगा विमा कंपनीत होता, म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं हे त्याला पाठ होतं. सून इस्पितळात लोकांचे आखडलेले सांधे सोडवायची. मुलगी शाळेत शिकवायची आणि घरी गप्प बसायची. पानगळ संपत आली होती, थंडी उंबरठ्यावर होती, शहाणी माणसं अशा दिवसांत रजई उन्हात घालतात. पण जागा स्वस्तात मिळत होती.

मुलांचे तंबू दुकानातून आणलेले होते. हवेत फेकले की आपोआप उघडायचे, एक पोपटी आणि एक नारिंगी. मास्तरांनी आपला जुना नेला, सव्वीस वर्षांपूर्वी स्वतः शिवलेला, जाड कापडाचा, ओल्या रेड्याच्या रंगाचा. तो गाडीत टाकताना मुलाने, बाबा, याच्यात आपण राहायचं की गाडी ठेवायची, असा विनोद केला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी नारिंगी तंबूची शिवण बोटाने चाचपली, आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे बघतात तसं मुलाकडे बघितलं.

तिथे पोहोचल्यावर मुलांनी तंबू समुद्राकडे तोंड करून लावले. सकाळी उठल्याबरोबर लाटा दिसाव्यात म्हणे. मास्तर म्हणाले, लाटा तुम्हाला दिसतील तसा वारापण तुम्हाला बघेल. कुणी ऐकलं नाही. त्यांनी आपला तंबू एका जाड बुंध्याच्या आडोशाला, पाठ समुद्राकडे करून लावला, खुंट्या तिरप्या ठोकल्या आणि आत जाऊन झोपले.

सांगायला हरकत नाही, पहिले दोन दिवस मास्तरांना फार आवडलं. सकाळी पायाखाली पिवळी पानं कुरकुरत. झाडांमधून खारट वारा येई. सुनेने स्टोव्हवर अंडी केली, ती धुरकटली, तरी त्यांनी दोनदा मागून घेतली. दुपारी ते किनाऱ्यावर गेले, पँट गुडघ्यापर्यंत वर करून गार पाण्यात उभे राहिले आणि एकटेच हसले. मुलगी लांबून बघत होती. मास्तरांना वाटलं, पोरं चांगली निघाली आपली. हे वाटलेलंच त्यांना पुढे सगळ्यांत जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा झाला आणि बारीक पाऊस आला. तिघं पोपटी तंबूत शिरली आणि दाराची चेन ओढून घेतली. मास्तर आपल्या तंबूत, दहा पावलांवर. घरात राहणाऱ्या माणसांची एक खोड असते. डोळ्यांपुढे आडोसा आला की त्यांना भिंत आली असं वाटतं. बेचाळीस वर्षांत मास्तरांनी सर्कशीपासून सरकारी साहेबांपर्यंत सगळ्यांना तंबू शिवून दिले, आणि देताना प्रत्येकाला सांगितलं, की बाबांनो, यात पाऊस अडतो, बोलणं अडत नाही. घरात मात्र हे सांगायचं राहून गेलं होतं.

मुलगा म्हणत होता, टेम्पो आज अकराला दुकानावर येईल. मशीन भंगारवाला नेईल, बाकीचं सामान पोत्यांत. औषधवाल्याला गोदामासाठी जागा उद्यापासूनच हवी आहे. किल्ली बाबांच्या गळ्यात असते, म्हणून शेजारच्या कुलूपवाल्यालाच कुलूप उघडायला सांगितलंय. त्याचं आणि बाबांचं हाडवैर, तो तर फुकटात उघडेल.

मुलीने काहीतरी पुटपुटलं. मुलगा म्हणाला, वसंतात सुई अंगठ्यातून आरपार गेली, दोन टाके पडले, पुढच्या वेळी हात जाईल. विचारलं असतं तर हो म्हणाले असते का?

मग सून, शांतपणे, एखाद्याच्या गुडघ्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "चार दिवस चिडतील. मग विसरतील."

मास्तर उठून बसले. टेम्पो ऐकला, भंगारवाला ऐकला, तेव्हा ते पडूनच होते. पण चार दिवस ऐकलं आणि डोक्यात जाळच झाला. बेचाळीस वर्षांचं दुकान, आणि त्याची किंमत चार दिवस! सर्दीसुद्धा आठवडाभर राहते. ही सुट्टी त्यांना विश्रांती म्हणून दिलीच नव्हती. पोत्यात मांजर घालून गावाबाहेर सोडतात, तसं त्यांना आणून सोडलं होतं, आणि मांजर दोन दिवस अंडी मागून खात होतं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. गाडीची किल्ली मुलाकडे, घर पाच तासांवर. फोनला तंबूंजवळ सिग्नलची दांडी येत नसे, किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर एक येई. मास्तर तंबूच्या मागच्या बाजूने, खुंटीखालून कापड उचलून बाहेर पडले. सत्तराव्या वर्षी आपल्याच तंबूतून चोरासारखं सरपटावं लागलं, हेही त्यांनी मुलाच्या नावावर मांडून ठेवलं.

खडकाकडची जंगलातली वाट लांब आणि ओली होती. ते दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा मुळांना शिव्या दिल्या. खडकावर चढून फोन हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, की गल्लीत ओळखीचे लोक शंभर असतील, पण पाठ असलेला नंबर एकच. अकरा वर्षं रोज शटर उघडताना वाचलेला, मनातल्या मनात शिव्या घालत पाठ झालेला. त्यातला शेवटचा सात तर त्यांच्याच मालकीचा.

त्यांनी तो दाबला. आयुष्यात इतक्या जोरात त्यांनी बटण दाबलं नव्हतं.

"कोण?"

"मी. शेजारचा."

पलीकडे किल्ल्या वाजल्या. मग कुलूपवाला खाकरला. मास्तरही सवयीने खाकरले.

"बोल," कुलूपवाला म्हणाला. "बोलायचं ठरवलंच आहेस तर."

मास्तरांनी एका दमात सांगितलं, की अकराला टेम्पो येतोय, तू माझं कुलूप उघडलंस तर मी परत येऊन तुझी पाटी तुझ्या डोक्यात घालीन.

"तुझ्या मुलाचा निरोप गुरुवारीच आला," तो म्हणाला. "मी नाही म्हणून कळवलं. पण ते शुक्रवारी, त्याने वाचलं नसेल, तिथे म्हणे दांडीच येत नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याचं कुलूप मी त्याच्या माघारी उघडत नाही. उद्या गल्लीत म्हणतील, याने राग काढला. माझा राग एवढा हलका नाही."

खडकावर लाट चढली आणि मास्तरांचे बूट भिजवून गेली.

"वरून माझं एक कुलूप लावून ठेवलंय," कुलूपवाला पुढे म्हणाला. "पितळी, मोठं. टेम्पोवाल्याचा बाप आला तरी उघडणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे. तुला दुकान हवं असेल तर ती मागायला यावं लागेल. तोंडाने."

"मेलो तरी येणार नाही."

"मग गोदामवाल्यालाच देतो."

"येतो," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. दुकान वाचलं होतं, आणि संताप दुप्पट झाला होता. आता तो कुणावर काढायचा हेसुद्धा नीट ठरेना. परतीच्या वाटेवर वारा उठला. समुद्रावरून आला तो सरळ, आणि झाडांवरची उरलीसुरली पानं झाडून घेऊन पुढे गेला. मास्तर चाल न वाढवता चालत राहिले. मुलांच्या तंबूंचं काय होणार हे त्यांना परवापासून माहीत होतं.

ते पोहोचले तेव्हा नारिंगी तंबू झुडपांत उलटा लटकत होता. पोपटी तंबूची शिवण काखेपासून फाटली होती आणि मुलगा त्याला मिठी मारून उभा होता. सून भांडी गोळा करत होती. मुलगी आधीच मास्तरांच्या तंबूच्या दाराशी उभी होती, पण आत गेली नव्हती. मास्तर आत गेले, पायांतले ओले बूट काढले आणि म्हणाले, या.

चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. बाहेर वारा कापडावर थापा मारत होता, आत कंदील हललासुद्धा नाही. मुलगा म्हणाला, बाबा, तुमचा तंबू खरंच मजबूत हो.

"मजबूत आहे," मास्तर म्हणाले. "पण यातून ऐकू येतं. सगळ्या तंबूंतून येतं. आता बोला, मी समोरच बसलोय."

मुलाचा चेहरा फाटक्या पोपटी कापडासारखा झाला. मग त्याने काळजी हा शब्द काढला. अंगठा दाखवला, मास्तरांचाच. रोज ऑफिसात कापलेल्या हातांचे कागद येतात, प्रत्येक कागदावर मला तुमचाच हात दिसतो, असंही म्हणाला, आणि त्यात खोटं नव्हतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अंगठा माझा, दुकान माझं, वाढदिवस माझा," ते म्हणाले. "मला सोडून सगळ्यांना विचारलंत. औषधवाल्याला विचारलंत, भंगारवाल्याला विचारलंत."

मुलगी हळूच म्हणाली, मी नको म्हणत होते.

"किती जोरात? मला ऐकू आलं नाही. आणि मला सगळं ऐकू आलंय."

मास्तर सुनेकडे वळले आणि चार दिवस कुणी म्हटलं ते विचारलं. सून धीट होती. मी म्हटलं, म्हणाली.

"त्या कुलूपवाल्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही. एका आकड्यावरून. तुम्ही अख्खं दुकान काढून घेत होता." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तिघंही जास्त घाबरली. "आज तुमच्यापायी मला त्याच्याशी बोलावं लागलं. अकरा वर्षांचा मुरलेला राग होता, तो गेला. आता माझ्याकडे जागा रिकामी आहे."

मग त्यांनी फोनवरचं सगळं सांगितलं, पितळी कुलपासकट. मुलाने घड्याळात पाहिलं. अकरा वाजून गेले होते. आपण लगेच निघू या, तो म्हणाला, मी स्वतः औषधवाल्याला नाही सांगतो.

"सांगशीलच. खडकावर जाऊन, आत्ता, पावसात. पण निघायचं नाही. सुट्टी पाच दिवसांची दिलीत, मी पाच दिवसांची घेणार." त्यांनी पिशवीतून जाड सुई आणि मेण लावलेला दोरा काढला आणि फाटका पोपटी तंबू मुलाच्या मांडीवर टाकला. "आलास की ही शिवण घाल. अंगठा सांभाळ."

मुलाने संध्याकाळपर्यंत शिवलं आणि तीनदा उसवलं. मास्तर शेजारी बसून बघत होते. चुकलं की सांगत नव्हते, फक्त खाकरत होते. चौथ्यांदा टाका सरळ आला, तेव्हा खाकरले नाहीत.

उरलेले दोन दिवस ते सगळ्यांशी बोलले, पण मीठ दे, बाजूला सर, एवढंच. अंडी एकदाच घेतली. सकाळ झाली की मात्र एकटेच किनाऱ्यावर जात. समुद्र बघून शांत होतात बिचारे, असं सुनेला वाटे. मंगळवारी ती चहा घेऊन मागोमाग गेली, तर मास्तर काळ्या खडकावर उभे राहून फोनमध्ये ओरडत होते, की कुलूप लावलंस ते ठीक, किल्ली मागेन तेही ठीक, पण तो सात आधी माझ्या भिंतीवरून काढ.