हिला नाय कसं म्हणायचं?

निशिगंधा मला ‘नथा’ म्हणते. माझं नाव नथानियल आहे, पण ते पूर्ण उच्चारण्याएवढा वेळ तिच्याकडे नसतो. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाची पोस्टिंग आम्हाला रोह्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात मिळाली आणि जोड्या लावणाऱ्याने बहुधा गंमत म्हणून आम्हा दोघांना एकत्र टाकलं. मी पेणहून एसटीत बसायचो, ती डोलवीची, वडखळला चढायची. वडखळ ते नागोठणे ती बोलायची आणि नागोठण्यापासून रोह्यापर्यंतही तीच बोलायची.

राउंडला आमच्या वरिष्ठ डॉक्टर मोकल मॅडमनी “या पेशंटला धाप का...” एवढं म्हणायचा अवकाश, निशिगंधा उत्तर देऊन मोकळी. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, हा तिचा खरा गुन्हा. माझ्याही डोक्यात उत्तर यायचं, नाही असं नाही. पण मी ते नीट घडी घालून तोंडापर्यंत आणेस्तोवर सगळे पुढच्या खाटेपाशी पोचलेले असायचे.

घरी कुरकुर केली तर आई म्हणाली, “अरे, मग तिला सांग ना, जरा दम खा म्हणून.”

“सांगणारच होतो. पण ती बोलत होती.”

पोस्टिंग संपायला आठवडा उरला तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं. “नथानियल, तुझा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत नाही. या आठवड्यात ऐकला नाही तर ही पोस्टिंग तू परत करायचीस.” मला घाम फुटला. परत करायची म्हणजे परीक्षा हुकली, सहा महिने गेले.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई आल्या. खाडीकाठच्या गावातल्या, साठी ओलांडलेल्या, ब्लडप्रेशर आभाळाला भिडलेलं. निशिगंधा वही उघडून तुटून पडली.

“गोळी रोज घेता?”

“व्हय.”

“मीठ कमी केलंय?”

“व्हय.”

“डोकं दुखतं? चक्कर येते? फिरायला जाता?”

“व्हय, व्हय,” रंभाबाई म्हणाल्या. तिन्ही प्रश्नांना मिळून दोन.

निशिगंधा तशीच मॅडमकडे धावली. मी मागे राहून रंभाबाईंच्या दंडाचा प्रेशरचा पट्टा सोडवत होतो. हे काम माझ्याकडे कायमचं होतं, त्यात बोलावं लागत नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, “पोरा, तिनं मना काय काय इचारलंन रं?”

“अहो मावशी, मग तुम्ही व्हय व्हय कशाला करत होतात?”

“पोर किती घाईत हाय! हिला नाय कसं म्हनायचं?”

मी हसलो. पण तीन महिने मीही दुसरं काय केलं होतं? मग मी ‘गोळी घेता का?’ एवढा एकच प्रश्न विचारला आणि गप्प बसलो, गप्प बसणं मला चांगलं जमतं. रंभाबाई सावकाश सांगू लागल्या. गोळी घेतली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा मोरीत पडल्या, म्हणून होळीपासून गोळी बंद आहे.

तिकडे निशिगंधाचा आवाज आला, “...रोज गोळी घेऊनही उतरत नाही, मॅडम. डोस दुप्पट करायला हवा.” मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

घडी घालायला वेळ नव्हता. “नाय!” मी खाटेपासूनच ओरडलो. “थांब गो! त्या गोळी घेतच नाहीत!”

मॅडमचं पेन थांबलं. मग नर्सबाई फिस्सकन हसल्या. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीला भर राउंडला ‘थांब गो’ म्हणणारा मीच पहिला असणार. मी कानापर्यंत लाल झालो, पण सगळं सांगितलं. मॅडमनी रंभाबाईंना उभं करून प्रेशर पुन्हा मोजलं आणि ती गोळी बदलून दुसरी सुरू केली. “ही दुप्पट घेतली असती तर पुन्हा मोरीतच सापडल्या असत्या,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, “नथानियल, ऐकला तुझा आवाज.”

परतीच्या एसटीत निशिगंधा नागोठण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला चैन पडेना. शेवटी तिनेच विचारलं, “नथा, तूपण मला नुसतं व्हय व्हय करतोस का रे?”

“करतो. तुझी भीती वाटते मला.”

“अरे, भीती मलाच वाटते! सगळे गप्प बसले की वाटतं, आता आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळणार. म्हणून आधीच बोलून टाकते.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “आज तू ओरडलास ते बरं केलंस. पण इतक्या जोरात?”

दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी किडनीबद्दल काहीतरी आडवळणाचं विचारलं. निशिगंधाचं तोंड सवयीने उघडलं. तिने ते मिटलं, ओठ घट्ट दाबले आणि मोठ्या मनाने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं. नर्सबाईंनीही पाहिलं. तीन महिने ज्या क्षणासाठी मी जीव टाकत होतो तो समोर उभा होता, आणि मला उत्तर येत नव्हतं.

“येत नाही, मॅडम,” मी म्हणालो.

“निशिगंधा, तू सांग.”

तिने चक्क विचार केला. बराच वेळ केला.

“मलाही येत नाही,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून इतकी लाजली, की तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.