पंचावन्न छर्रे

मित्रांनो, पेणच्या रामवाडीत एका घराच्या पडवीत प्लास्टिकच्या कापडाखाली जे उभे आहे, ते मी. मी एक जुने मिलिंग मशीन आहे, शिवणयंत्राहून थोडे मोठे. माझ्या टेबलावर धातूचा तुकडा आवळतात. वर कटर फिरतो. हाताने चाके फिरवून टेबल सरकवले, की तुकडा हव्या त्या आकारात कापला जातो.

मला कमळाकरांनी आणले. ते रोह्याला धाटावच्या कंपनीत फिटर होते. शिफ्ट संपली की एसटीने घरी यायचे आणि चहा पिऊन माझ्यापाशी उभे राहायचे. जवळच्या जोहे गावचे गणपतीचे मूर्तिकार त्यांच्याकडून पितळी ठसे करून घेत. ओल्या मातीवर ठसा दाबला की मूर्तीच्या शेल्याचा काठ उमटे. माझ्या कामाचे तेव्हा कौतुक होत असे.

१९९५ साली कमळाकरांचा उजवा हात थरथरू लागला. मग डावाही. कंपनीने त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवले. घरी त्यांनी तीन ठसे केले, तिन्ही वाकडे झाले. मूर्तिकार हिरामण ते पाहून एवढेच म्हणाला, "राहू दे, कमळाकर. मी पनवेलला बगतो." पुढचे चार महिने माझ्यावर धूळ साचली.

मग एके दिवशी कमळाकरांनी ठरवले, की चाके हाताने फिरवायचीच नाहीत. ती मोटरने फिरतील आणि मोटरला कॉम्प्युटर सांगेल. यालाच सीएनसी म्हणतात. पण माझे जुने स्क्रू झिजले होते. चाक पाव फेरा फिरे, तेव्हा कुठे टेबल हले. माणसाच्या हाताला ते कळते आणि तो सांभाळून घेतो. कॉम्प्युटरला ते कळत नाही. म्हणून बॉलस्क्रू हवे होते. त्यांच्या नटात बारीक पोलादी छर्रे फिरतात, त्यामुळे जागच्या जागी हलायला वावच राहत नाही.

कंपनीत एक मशीन भंगारात निघाले होते. त्याचे दोन बॉलस्क्रू कमळाकरांनी साहेबांची चिठ्ठी घेऊन मिळवले आणि जुन्या लुंगीत गुंडाळून घरी आणले. तसे दुसरे मिळण्यासारखे नव्हते.

एक बसला. दुसऱ्याचा नट साफ करायला काढावा लागणार होता. नट नुसता काढला तर छर्रे गळतात, म्हणून आधी त्यात नळी सरकवायची असते. नळी त्यांनी नीट मापाची केली होती. पण हात थरथरला, नळी निसटली आणि सगळे छर्रे पडवीभर उधळले.

कमळाकर खाली बसले. "छपन्न होते. झालं, संपलं."

आतून त्यांची बायको काशीबाई आली. "तुमी पाय हलवू नका. संपलं काय संपलं? भातातला खडा मला दिसतो, नि लोखंडाचा गोळा नाय दिसणार?"

तिने सगळी पडवी झाडून केर सुपात घेतला आणि पाखडला. धूळ उडाली, छर्रे सुपाच्या मागच्या बाजूला राहिले. असे तिने चार वेळा केले. पंचावन्न सापडले.

"एक नाय गावला," ती म्हणाली.

"चालतो एक कमी. उलट मोकळे फिरतात."

"मंग एवडं तोंड कशाला पाडलंवतं?"

छर्रे परत बसवायचे कामही तिनेच केले. नटात ग्रीस भरले आणि खराट्याच्या काडीने एकेक छर्रा ओळीत लावला. कमळाकर शेजारी बसून सांगत होते.

"तुझा हात कसा गो इतका थिर?"

"तांदूळ निवडून. आता कंपनीत लावा मला, तुमच्या जागी."

आपल्या हातांचा विषय निघून कमळाकर पहिल्यांदाच हसले.

मोटरी आणि एक जुना कॉम्प्युटर जोडून झाल्यावर पहिला ठसा कापायला दीड तास लागला. कळ दाबून कमळाकर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. टेबल आपोआप सरकत होते. बातमी कळून आलेल्या हिरामणने ठशाच्या कडेवरून नख फिरवले, दोनदा.

"कंपनीत केलास?"

"नाय. माझ्या मशीनवर."

"आमच्या," काशीबाई आतून म्हणाली.

पुढे कमळाकर असेपर्यंत मी ठसे कापले. गेल्या वर्षी कमळाकर वारले. त्यांच्या मुलीने मला स्वच्छ पुसले, तेल लावले आणि हे कापड घातले. बाबांची आठवण म्हणून मला कोणी हात लावायचा नाही, असे तिने सांगितले. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळतो. तिचा हेतू चांगला आहे. पण ग्रीस सुकत चालले आहे आणि छर्रे जागच्या जागी चिकटत आहेत. पुसून ठेवलेले मशीनही बिघडते, फक्त ते लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी गेलेल्या माणसाचे एखादे यंत्र असेल, तर ते झाकून ठेवू नका. त्याला तेल द्या आणि त्याच्यावर काम करा. माझ्यावरही कोणी करावे. पहिला ठसा वाकडा आला तरी मला चालेल. हात थरथरत असला तरी चालेल.