गाठ कोणत्या कानावर?

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पांढरी, सुती, दोन लांब बंदांची. लग्न झालेल्या बायका मला डोक्यावर घालतात आणि बंदांची गाठ कानावर बांधतात. कोणत्या कानावर? इथेच माझा सगळा घोळ आहे. मला स्वतःचं डोकं नाही, दुसऱ्यांच्या डोक्यावर जगते, गोंधळ व्हायचाच.

आजींनी मला स्वतः शिवलं. तेव्हा त्या नवी नवरी होत्या आणि कापडाच्या गिरणीत कामाला जात. दिवसभर माझ्यावर कापसाची धूळ बसे, संध्याकाळी त्या मला दारात झटकत. काही वर्षांनी गाठ उजव्या कानावर गेली. पुढे त्यांच्या सुनेनंही तशीच बांधली. हळूहळू कारणं ऐकू येऊ लागली. कुणी म्हणे, उजवी बाजू नवऱ्याची. कुणी म्हणे, पूर्वी राण्या अशीच बांधत. मी राणीच्या डोक्यावर कधी बसले होते, काही केल्या आठवेना. पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?

मग बरीच वर्षं ट्रंकेत गेली. डांबरगोळ्यांच्या वासानं होतं नव्हतं तेवढंही विसरायला झालं.

एक दिवस आजींनी मला नातसुनेच्या हातात ठेवलं. माहेर लांब असलेल्या त्या मुलीला या घरानं दिलेली पहिली वस्तू मीच. तिची तान्ही सदा तिच्या उजव्या खांद्यावर. गाठ दिसली की ओढायची आणि तोंडात घालायची. म्हणून नातसुनेनं गाठ डावीकडे घेतली.

आजींची लेक, म्हणजे आत्याबाई, बाळाला बघायला आल्या आणि त्यांची नजर आधी माझ्यावर गेली. आवाज न चढवता म्हणाल्या, "आपल्या घरात गाठ उजवीकडे असते. जमत नसेल तर टोपी तुझ्या धाकट्या जावेला देऊ."

नातसुनेनं मला उतरवलं. तिच्या मुठीत माझा पार चोळामोळा झाला. खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी बोलणार कशी?

आजी कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. नातसून त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि तिनं उजवीकडेच का, असं विचारलं.

"अगं, गिरणीतल्या खडखडाटानं तो कान गेला माझा. म्हणून गाठ बहिऱ्या कानावर. डावा मोकळा ठेवायचे, ही रडली तर कळावं म्हणून." आजींनी हातातली शेंग आत्याबाईंकडे केली. "काय भोकाड पसरायची!"

आत्याबाई पुढे सरकल्या. त्यांनी मला नातसुनेच्या मुठीतून सोडवून घेतलं, गुडघ्यावर ठेवून हातानं सारखं केलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. गाठ डावीकडे आली.

"सैल बांधते," त्या म्हणाल्या. "पोरीनं ओढली तर सुटू दे."

माझा घोळ मात्र वाढलाच. राणीबिणी कुणी नाही, नुसता एक कान! आणि ही तान्ही मोठी झाली की म्हणेल, आमच्यात गाठ डावीकडेच असते. तिलाही एखादी राणी सापडेलच.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्यांना हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा. पुढच्याला देताना कारणही सोबत द्या. आणि आजीला काही विचारायचं असेल तर लवकर विचारा. डाव्या कानाशी.