दोन्हीकडून अडणारी कांब

घोटीच्या बाजारामागे १९३६ साली बसवलेल्या बोरिंगच्या पंपाची कांब दुसऱ्यांदा तुटली, तेव्हा मी निसार मिस्त्रीला चारचौघांत फाडून खाल्लं. मी ओव्हरसियर. गणित माझं, म्हणजे चूक त्याचीच! इंजिन कांब वर ओढतं, तिच्या तळाचा दट्ट्या पाणी उचलतो. कांबेचं वजन अधिक पाण्याचं वजन, संपला हिशेब. मोठ्या साहेबांनी कारण लेखी मागवलं होतं. ते गेलं की निसारची नोकरीही जाणार होती.

"मला काढायचं तर काढा, सायेब," निसार म्हणाला. "पण नवी बसवल्यावर पंधरा दिवसांनी वजनकाटा लावून बघा. ही जड होते."

लोखंड जड होतं म्हणे! मी हसलो, पण किडा डोक्यात शिरलाच. नवी कांब बसवली आणि साहेबांकडून पंधरा दिवस मागून घेतले.

पंधराव्या दिवशी इंजिन बंद करून आम्ही कांब साखळीने काट्याला टांगली. वर ओढताना माझ्या गणितापेक्षा दोन मण जास्त. वाटलं, हरलो. मग खाली सोडताना पाहिलं, तर नुसत्या कांबेच्या वजनापेक्षाही दोन मण कमी! वजन फक्त खाली ओढतं. जाताना अडवतं आणि येतानाही अडवतं, ते वजन नव्हेच, ते घासणं. पण घासतंय कुठे?

"दोन्ही वेळा नळाच्या तोंडाशीच तुटली," निसार म्हणाला आणि वाकला. तिथे पाणी गळू नये म्हणून कांबेभोवती सुतळी ठासून वर नट आवळलेला असतो. "मी तर थेंब थेंब गळंल असा ढिला ठेवला व्हता. कांबेला तेवढी ओल लागते. हा तर कोरडा ठाक!"

पंप झाडणारी लंकाबाई पदर खोचून पुढे आली. हातात पाना.

"मीच आवळते. रोज सकाळी."

"कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"तुम्हीच की, सायेब. पंप सुरू केला तव्हा हार घालून बोल्ले, एक थेंब वाया जाता कामा नये. मी लय लांबून पाणी वाह्यलंय. मला पटलं."

टाळ्या आठवल्या. पहिल्या ओळीत निसारही बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निसारने नट सैल केला. पहिला थेंब पडायच्या आत लंकाबाईने खाली तांब्या ठेवला.

मी कागद मागवला. 'कांब तुटण्याचं कारण' यापुढे लिहिलं: ओव्हरसियरचं भाषण. खाली सही केली.