शेजारचा ब्रेक

"क्लच म्हणजे दाराची कडी नव्हे, झटक्यानं सोडायला," मास्तर म्हणाले. "पुन्हा."

गाडीने पुन्हा हिसका दिला आणि ती बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर तळहात ठेवला, तो काढलाच नाही.

"वाजवू दे. तोही काही आईच्या पोटातून शिकून आला नव्हता. पुन्हा."

या खेपेस गाडी सुरळीत निघाली. चालवणारी मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. वडिलांना वरचेवर रुग्णालयात न्यावे लागे आणि घरात आता गाडी चालवणारे कोणी उरले नव्हते, म्हणून ती शिकायला आली होती. वयाने ती मास्तरांच्या मुलीसारखी. तरीही ते तिला 'तुम्ही' म्हणत. ज्याच्या हाती चाक आहे त्याला अरे-तुरे करू नये, हा त्यांचा नियम होता.

मास्तरांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. उभे आयुष्य त्या ब्रेकवर पाय तोलून धरण्यात गेल्यामुळे मास्तरांच्या पायाला विसावा ठाऊक नव्हता. बसमध्ये, पाहुण्यांच्या गाडीत, इतकेच काय, घरी जेवताना बोलणे उतरणीला लागले की त्यांचा पाय आपसूक जमीन दाबू लागे. "थांबलं हो घर! आता वाढू का?" असे पत्नी म्हणायची.

ती पत्नी भर दुपारी, पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडताना गेली. मेजवानीहून दारू पिऊन परतणाऱ्या एका तरुणाच्या गाडीने तिला उडवले, तेव्हा समोरचा पदपथ अवघ्या हातभर अंतरावर होता. न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली. कायद्याच्या झोळीत त्याहून अधिक फारसे नव्हतेच. आता ती दहा वर्षांपर्यंत वाढवावी असा प्रस्ताव आला होता, आणि त्यावर विचार करणाऱ्या समितीपुढे मास्तरांना आज दुपारी बोलायचे होते. शिकवणी संपवून ते तिकडेच जाणार होते.

"मास्तर, गाडी बाजूला घेऊ का जरा?"

"घ्या. आधी आरसा."

तिने आरसा पाहिला, गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला. हे सगळे तिने बिनचूक केले. मग दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून ती म्हणाली, "ज्यानं काकूंना… मी त्याची बहीण."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही नाव सांगितलंत तेव्हापासून. कोर्टात मागं खांबाआड बसायचात. तुमची आई रडायची आणि तुम्ही तिचा चष्मा पुसून द्यायचात."

"मग मला शिकवायला का घेतलंत?"

"वडिलांना रुग्णालयात न्यायचंय म्हणालात. खोटं होतं का ते?"

"नाही."

"मग झालं तर."

"आणि आज तिकडे जाऊन दहा वर्षं मागणार?"

"मागणार."

"दादा पुढच्या महिन्यात सुटतोय."

"सुटू दे. नवी शिक्षा जुन्या गुन्ह्याला लागत नाही, आणि लागावी असं मी म्हणणारही नाही. खेळ संपल्यावर नियम बदलला तर तो न्याय नव्हे, सूड झाला."

"पण मास्तर, खरं सांगा. दहा वर्षं असती म्हणून त्यानं त्या दिवशी ग्लास खाली ठेवला असता? तो तेव्हा हिशेब करत बसला होता का? आमच्या दादाला तर शुद्धीवर असताना पण हिशेब जमत नाही."

मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले आणि तिथेच थांबले. "त्यानं ठेवला असता की नाही, मला नाही सांगता येणार. त्याच्या टेबलावरच्या एखाद्यानं किल्ली काढून घेतली असती, एवढं मात्र वाटतं. मला सांगा, माझ्या पायाशी ब्रेक आहे म्हणून तुम्ही जपून चालवता की बिनधास्त?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही."

"हं." हे उत्तर त्यांच्या युक्तिवादाच्या सोयीचे नव्हते, पण खरे होते, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. "गाडी बंद पडते ती चूक. वळताना दिवा विसरतो ती चूक. मी जन्मभर चुका पाहत आलोय बाई, त्यांचा मला राग येत नाही. पण कोर्टात तुमचे वकील सारखे 'चूक, चूक' म्हणत होते ना, तेव्हा माझा पाय फरशीवर इतका दाबला गेला की पोटरीत गोळा आला. पिऊन किल्ली फिरवणं ही चूक नव्हे. त्याला चुकीइतकीच शिक्षा देत राहिलो, तर लोक त्याला चूकच समजत राहणार."

तिने डोळे पुसले. "आई म्हणते, तुम्ही शाप देत असाल."

"मला वेळ कुठाय? चला, उशीर होतोय."

समितीच्या दालनात जाड गालिचा होता. मास्तरांनी चार परिच्छेद मनात घोटून आणले होते. अध्यक्ष वयस्क होते, आणि त्यांनी अगदी हळुवारपणे विचारले, "दहा वर्षांनी तुमची पत्नी परत येणार आहे का?"

"नाही साहेब. दोन वर्षांनीही आली नाही."

यापुढचे परिच्छेद त्यांना आठवले नाहीत. त्यांचा पाय गालिच्यात रुतत होता आणि दालन काही थांबत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "दहा करा," आणि बाहेर आले.

मुलगी गाडीला टेकून उभी होती. त्यांना पाहताच सरळ झाली.

"मागितलीत?"

"मागितली."

तिने मान हलवली. मग हातातली किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवता का? माझे हात थरथरतायत."

"दाखवा." तिने हात दाखवले. "हे थरथरणं नव्हे, ही नुसती भीती आहे. बसा."

परतीच्या रस्त्यावर पत्नी गेली तो चौक होता. या चौकातून जाताना मास्तरांचा पाय, चालवणारा कोणीही असो, ब्रेकला टेकलेला असे. आज दिवा लाल होताना त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले आणि बैठकीखाली घट्ट धरून ठेवले. त्यांच्या कपाळावर घाम आला. गाडी धीमी होत गेली आणि पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, जराही हिसका न देता थांबली.

माणसे ओलांडून गेली. शेवटी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उरली. ती पिशवी या हातातून त्या हातात घेत सावकाश निघाली होती, आणि ती अर्ध्यात असतानाच दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

मुलीने मास्तरांकडे पाहिले.

"घाई करू नकोस," ते म्हणाले.

त्या बाईचे पाऊल पलीकडच्या पदपथावर टेकेपर्यंत गाडी तिथेच उभी होती.