उरल्याच्या भंगारातली ठेंगणी गाडी

भंगाराच्या ढिगातून डोकावणारी नळी दिवाकरराव पांढरीपांड्यांनी ओढली, ती फार तर सायकलचा एखादा तुकडा हाती येईल एवढ्याच अपेक्षेने. बाहेर आला तो एका आख्ख्या गाडीचा सांगाडा. पण गाडी कसली! मांजराने वाघाचं सोंग घ्यावं तसा तिचा थाट. मान, दांडा, बैठक, चाकांचे चिमटे, मोटरसायकलचे सगळे अवयव जागच्या जागी होते. उंची मात्र गुडघ्याच्या जेमतेम वर. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या आवारातला माल दुसऱ्या दिवशी भट्टीत जायचा होता. मालक म्हणाला, "ले जाओ अंकल, किसी बच्चे की होगी." दिवाकररावांना ते पटलं नाही. खेळण्याला कोणी इतक्या जाड नळ्या वापरत नाही.

ते तिथे हिंडत होते ते बायकोसाठी, शारदाबाईंसाठी. मुलगी देवश्री छत्तीसगडच्या मंत्रालयात नोकरीला, म्हणून दोघं जुन्या शहरातली चौबे कॉलनी सोडून तिच्याकडे नव्या रायपुरात राहायला आली होती. इथले रस्ते असे की या कडेच्या माणसाला त्या कडेचा माणूस ओळखू येऊ नये. बस दिसली तर नवल वाटावं. चौबे कॉलनीत शारदाबाई रोज सकाळी पायी बाजारात जात, चार ठिकाणी भाजी उलथीपालथी करत, दोन ठिकाणी भांडत आणि ताज्यातवान्या होऊन घरी येत. इथे भाजी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून दाराशी येई. पलीकडच्या गावात आठवड्याचा बाजार भरे खरा, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तेवढं चालणं होत नव्हतं. देवश्रीच्या स्कूटरवर बसून पाहिलं, तर बुटक्या शारदाबाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि गाडी जरा कलली की त्यांना ती सावरत नव्हती.

"दिवाळीपर्यंत पाहीन," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "मग मी चालली कुसुमकडे. बहिनीच्या वरच्या खोलीत राहीन, पन माह्या पायानं बाजारात जाईन. तुम्ही राहा इथं, रस्त्याची रुंदी मोजत."

शारदाबाई बोलतात ते करतात, हा दिवाकररावांचा आयुष्यभराचा अनुभव होता. मागल्याच आठवड्यात लोणच्याची मोठी बरणी बहिणीकडे रवाना झाली होती. घर सोडणारी बाई आधी लोणचं हलवते, एवढं त्यांना कळत होतं.

सांगाडा इमारतीच्या खालच्या गाड्यांच्या जागेत, भिंतीकडेला आला. शारदाबाई काठी टेकत खाली उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हे काय उचलून आनलं? याच्यावर मी बसू? पोट्टे हसतीन ना मले."

"हसू दे. पाय टेकतीन का नाही ते सांग."

शारदाबाईंनी बैठकीच्या जागी हात ठेवून अंदाज घेतला. पाय टेकणार होते. नाइलाजाने त्यांनी मान हलवली.

दिवाकररावांचा बेत सरळ होता. मागच्या चाकातच बसणारी लहान विजेची मोटर लावायची; वेग चपळ सायकलीएवढा, म्हणजे परवान्याची कटकट नाही. अडचण एकच. मानेपासून बैठकीपर्यंत एक आडवी नळी सरळ गेली होती, आणि तिच्यावरून पाय टाकणं शारदाबाईंच्या गुडघ्याला जमणारं नव्हतं. ती नळी कापून जमिनीलगत खाली न्यायची, की सहज पाय आत घालता येईल. त्यांनी नळीवर खडूने दोन रेघा मारल्या आणि हॅक्सॉ हातात घेतला.

"काका, रुकिए! रुकिए!"

वरच्या मजल्यावरचा पराग जिना उतरता उतरता ओरडला. पराग सरकारी कचेरीत अधिकारी होता, पण त्याचा खरा जीव जुन्या गाड्यांत. मराठी त्याला सगळी कळे, बोलणं मात्र हिंदीत. तो सांगाड्याभोवती दोनदा फिरला, मग खाली बसला.

"ये तो वर्ल्ड वॉर के ज़माने की है, काका. सुना है उस टाइम इधर माना गाँव की तरफ़ हवाई पट्टी थी. छोटी-छोटी मोटरसाइकिलें पैराशूट से उतारते थे, फ़ौजियों के लिए. और ये देखिए!" त्याने हँडलच्या डाव्या टोकाला जोडलेल्या अर्धगोल पत्र्याकडे बोट दाखवलं. पन्हळीच्या तुकड्यासारखा तो पत्रा होता, कडेने बारीक भोकं पाडलेला. "ये बंदूक टिकाने का ब्रैकेट है!"

"एका हातानं गाडी अन् एका हातानं बंदूक?" शारदाबाई म्हणाल्या. "मंग ब्रेक काय दातानं लावत होते?"

दिवाकरराव हसले, पण त्यांनी हॅक्सॉ खाली ठेवला. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची त्यांची रीत नव्हती. तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवलेलं त्यांच्या अंगी भिनलं होतं: वस्तूला विचार, तीच सांगते. त्यांनी वस्तूला विचारलं. मानेच्या टोकाला नट बसवायचे आटे होते, नट मात्र हरवलेला. त्या आट्यांवर त्यांनी पोलादी पात्यांचं मापक एकेक करून टेकवून पाहिलं. आजकालच्या मिलिमीटरच्या मापाचं एकही पातं बसेना. मग जुन्या इंची मापाचं पातं लावलं. ते असं चपखल बसलं की मागून उजेडाचा कणही दिसेना.

हे आटे इंग्लंडचे होते.

झालं. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि भात विलायती ठरला. दुसऱ्या कोणाचं असं झालं नसतं. ज्याला आटे वाचता येत नाहीत, तो परागच्या गोष्टीवर हसून नळी कापून मोकळा झाला असता. दिवाकररावांना आटे वाचता येत होते, तिथेच घोडं अडलं. युद्धातून आलेली, आभाळातून उतरलेली गाडी कापणारा माणूस म्हणून आपलं नाव निघावं हे त्यांच्या मनाला मानवेना. पराग तर रात्रंदिवस संगणकावर बसून परदेशातल्या दुकानांत त्या मापाचा नट धुंडाळू लागला. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यावरून ती पुढे चाललेली त्याला आत्ताच दिसत होती.

दिवाकरराव रोज सकाळी खाली जाऊन रॉकेलच्या फडक्याने सांगाड्याचा एखादा भाग पुसत, रंगाचा एखादा पापुद्रा काढत आणि विचारात पडत. वर हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली करडा. फौजेची गाडी लाल कोणी रंगवली? कशासाठी? आणि ब्रेकची तार जिच्यातून ओवायची त्या बारीक कड्या फक्त उजव्या बाजूनेच का? डाव्या हाताला या गाडीत काही कामच कसं नाही? प्रश्न असे एकातून एक निघत गेले आणि दिवाकररावांचे दिवस मजेत चालले. शारदाबाईंचे तसे चालले नव्हते. बरणीच्या पाठोपाठ त्यांचा पाटा-वरवंटा कुसुमकडे गेला.

पाटा गेला त्या दिवशी दिवाकरराव मनातून हबकले. जेवताना त्यांनी विषय काढला. "नट मिळाला की लागतोच कामाले. विलायती माप आहे, इथं कुठं मिळते? पराग शोधून राहिला."

"एवढ्याशा नटासाठी विलायत?" शारदाबाईंनी वरण वाढता वाढता विचारलं. "तुमच्या रेल्वेच्या पेटीत पाह्यलं काहून नाही? तिच्यात जगातलं सारंच असते."

"अगं, त्या पेटीत वॅगनचं सामान आहे. याचे आटे इंग्लंडचे."

"मंग पाहून या ना. पाह्याले काय जाते?"

केवळ त्यांचं म्हणणं खोटं पाडण्यासाठी दिवाकररावांनी पेटी उघडली. पदविका मिळाल्यावर रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत लागले, त्या काळातली ती पेटी. तळाशी जुन्या ब्रेकच्या जोडकामातले चार-दोन जाड नट पडले होते. त्यातला एक घेऊन ते खाली गेले आणि मानेवर टेकवून बोटाने फिरवला. नट लोण्यात सुरी शिरावी तसा खाली गेला.

ते तिथेच उपड्या बादलीवर बसले.

इंग्लंड! इंग्रजांनी घालून दिलेल्या इंची आट्यांवरच तर त्यांची सुरुवातीची वर्षं गेली होती. नवं माप आलं होतं, पण जुन्या वॅगन होत्या तोवर आटे पाडायचे जुने टॅप आणि डाय प्रत्येक फिटरच्या हाताशी होते. या मापाचे आटे स्वतः दिवाकररावांनी किती पाडले असतील याची गणती नव्हती. जो हात त्यांनी साता समुद्रापार शोधला, तो त्यांच्याच शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या एखाद्या माणसाचा असू शकत होता. स्वतःच्याच बोलीत लिहिलेलं पत्र त्यांनी परभाषेतलं म्हणून जपून ठेवलं होतं.

मग मात्र ते गाडीकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागले. फौज बाजूला झाली आणि एक फिटर समोर आला. फिटर उगाच भोकं पाडत नाही. त्या अर्धगोल पत्र्याच्या कडेला भोकं होती, म्हणजे तिथे काहीतरी शिवलेलं होतं. चामडं असावं. बंदुकीला चामड्याची गादी कशाला? त्यांनी आपला डावा हात कोपरापासून पुढे त्या पत्र्यात टेकवून पाहिला. हात जाड, तो मावला नाही.

"शारदा! जरा खाली ये बरं!"

शारदाबाई कुरकुरत आल्या. त्यांचा बारीक हात त्या पन्हळीत असा विसावला, जणू मापच त्यांचं घेतलं होतं.

"लेकराचा हात आहे हा," त्या एकदम म्हणाल्या. "डाव्या हातात जोर नसन त्याच्या. म्हनून बापानं सारं उजवीकडं देलं."

दिवाकरराव बैठकीखालची उभी नळी खरवडत होते. रंगाखाली पितळेचं एक पिवळं कडं चमकलं. थोडं वर दुसरं. नळी दोनदा कापून, मध्ये तुकडा घालून, पितळेने जोडलेली होती. खालच्या भागावर तिन्ही रंग होते. मधल्या तुकड्यावर लाल आणि हिरवा. सगळ्यात वरच्यावर फक्त हिरवा.

"पाहा," ते म्हणाले. "पोरगं वाढलं, तशी गाडी उंच केली. एकदा. मग पुन्हा एकदा."

"अन् दर वेळी रंगवली," शारदाबाई म्हणाल्या. "लाल काहून, ते आता समजलं? त्यानंच मागतला असन. नाही तं तिनं. पोट्टी असन तं?"

संध्याकाळी परागला बोलावून दिवाकररावांनी नट फिरवून दाखवला, पितळेची कडी दाखवली. परागचा चेहरा उतरला. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता.

"फिर भी काका, पुरानी तो है ना! ऐसी दूसरी कहीं नहीं मिलेगी. इसको ओरिजिनल ही रहने दीजिए. मत काटिए, प्लीज़."

हा मुद्दा विचार करण्याजोगा होता आणि दिवाकररावांनी तो केला. फौजेच्या गाडीपेक्षा ही गाडी त्यांना आता अधिक मोलाची वाटत होती. तिच्यावर करवत धरणं आधीपेक्षा अवघड झालं होतं. शारदाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून नवऱ्याकडे पाहत राहिल्या. त्या पाहण्याची दिवाकररावांना त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त धास्ती होती.

"ओरिजिनल कोणती रे, पराग?" अखेर ते म्हणाले. "करडी, लाल का हिरवी? ज्यानं बनवली त्यानंच ही दोनदा कापली. बसणाऱ्याचं अंग बदललं, की कापायची. आता बसणारी बदलली."

"काकी के लिए?"

"हव," शारदाबाई म्हणाल्या. "काकीसाठी. अन् रंग मी सांगीन तो द्याचा."

दिवाकररावांनी त्यांना स्टुलावर बसवलं, दुखरा पाय जितका सहज उचलला जाईल तितका उचलायला लावला आणि तिथे भिंतीवर खडूने खूण केली. आडवी नळी त्या खुणेच्याही खाली बोटभर गेली. जोड उरल्यात त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडून पितळेनेच भरून आणला, कारण आधीचे दोन पितळेचे होते. पराग फुरंगटून दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून मोटरच्या तारा जोडायला येऊन बसला. अर्धगोल पत्रा राहिला. तो काढू का, असं विचारल्यावर शारदाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रंग पिवळा ठरला, झेंडूसारखा.

दिवाळीच्या आधीच्या बाजारी शारदाबाई निघाल्या. "मागून यायचं नाही," ही एकच अट. दिवाकररावांनी ती पाळली, म्हणजे बराच वेळ पाळली. ऊन तापू लागलं तरी त्या दिसेनात, तेव्हा ते पायीच निघाले. लांबलचक रस्ता मोकळा पडला होता. वळणापलीकडे त्यांना पिवळा ठिपका दिसला, थांबलेला. जोड तुटला की काय! ते धावू लागले, आणि मग वाऱ्यावर शब्द आले.

"एतका महंगा? अन् ही पानं पाहा, जून झाली सारी!"

डोक्यावरची टोपली उतरवून एक भाजीवाली रस्त्याच्या कडेला बसली होती आणि शारदाबाई गाडीवरूनच, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, तिच्याशी भांडत होत्या. त्यांच्या पिशवीत लाल भाजी, चेच भाजी अशा इथल्या पालेभाज्या आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा कोंबलेल्या होत्या.

"आले का मागून?" त्या वळून म्हणाल्या. पण चेहऱ्यावर राग नव्हता. "कुसुमले फोन केला मी बाजारातून. पाटा अन् बरनी घेऊनच ये म्हटलं, अन् राह्य चार दिवस. इथला बाजार तुमच्याकडच्यापेक्षा बरा आहे म्हटलं."

भाजीवाली गाडीकडे टक लावून पाहत होती. "काकर गाड़ी ए, दाई?" तिने छत्तीसगढीत विचारलं, ही गाडी कुणाची म्हणून.

"आता माही," शारदाबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडून एक जुडी जास्तीची ओढून घेतली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मागं बसाची सोय नाही याच्यावर. तुम्ही या पायी. मी होते पुढं, भाजी सुकून राहिली."

गाडी हलकेच गुणगुणत निघाली. दिवाकरराव तिच्या मागून चालू लागले आणि थोड्याच वेळात त्यांनी डोळे बारीक केले. मागचं चाक किंचित डावीकडे कलून फिरत होतं. दोरी लावून तर त्यांनी स्वतः सरळ केलं होतं. मग हे कलतं कशाने? पिशवीच्या ओझ्याने, नव्या जोडाने, की त्या पहिल्या फिटरनेच मुद्दाम ठेवलं होतं? त्यांनी पावलं झपाझप उचलली, म्हणजे ती पुढे निघून जाण्याआधी नीट पाहता येईल.